इंडियानापोलिसच्या बर्मी वस्तीसाठी 'नागरी माहिती दिवस': आराखडा तपासून हवा आहे

करवंद

नमस्कार मंडळी. इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात, पेरी टाउनशिपमध्ये, आमची परिसर समिती आणि ग्रंथालयाची शाखा मिळून बर्मी कुटुंबांसाठी एक दिवस ठेवत आहे. सभागृहात साधारण १५० माणसं बसतात. हाताशी २,५०० डॉलर आहेत.

आराखडा असा: एप्रिलच्या मध्यातला रविवार, ११ ते २. तेव्हा थिंजान, म्हणजे त्यांचं नववर्ष असतं, म्हणून पाणी शिंपडण्याचा कार्यक्रम, नाच आणि जेवण. मधे अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन भाषणं: मतदार नोंदणी, नागरिकत्वाचा अर्ज, लहान मुलांचं आरोग्य. पत्रक इंग्रजीत लिहून मशीनकडून बर्मीत करून घेतलंय. सजावटीला म्यानमारचे झेंडे मागवायचे आहेत.

समितीत बर्मी कुणी नाही, एवढं मान्य. अशा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनी पत्रक छापायला जाण्याआधी यातल्या चुका दाखवाव्यात.

गलबत

करवंदताई, पत्रक थांबवा, झेंडे मागवू नका आणि रविवार आधी खोडा. बाकीचं दुरुस्त होण्यासारखं आहे.

मुळात पेरी टाउनशिप, साउथपोर्ट, ग्रीनवुड या पट्ट्यातले म्यानमारहून आलेले बहुसंख्य लोक चिन आहेत. चिन राज्य म्हणजे म्यानमारचा वायव्येचा डोंगराळ भाग, आपल्या मिझोरामला लागून. हे लोक बहुतेक ख्रिस्ती, त्यातही बॅप्टिस्ट. अमेरिकन मिशनरी हाखाला, म्हणजे चिन राज्याच्या राजधानीत, १८९९ मध्ये पोचले तेव्हापासूनची ही परंपरा आहे. थिंजान हा मुळात बौद्धांचा सण. यांगूनमध्ये वाढलेले चिन त्यात भिजले असतील, पण 'तुमचा सण' म्हणून तो त्यांच्यापुढे ठेवला, तर बोलावणाऱ्याने आपली चौकशीच केलेली नाही हे त्यांना पहिल्या ओळीत कळतं. त्यांचा मोठा दिवस २० फेब्रुवारी, चिन राष्ट्रीय दिन. १९४८ मध्ये या तारखेला फालामच्या सभेने वंशपरंपरागत सरदारकी मोडून लोकनियुक्त कारभार मागितला. नागरी माहितीच्या कार्यक्रमाला याहून चपखल धागा दुसरा मिळणार नाही. मात्र त्या तारखेजवळच्या शनिवारी स्वतःचा कार्यक्रम लावू नका, त्यांचे मेळावे तेव्हाच असतात. त्यांच्या मेळाव्यात एक टेबल मागा, आणि तुमचा दिवस दोन-तीन आठवड्यांनी ठेवा.

भाषा हा यातला सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग. 'चिन' अशी एक भाषा नाही. तुमच्याकडे हाखा सगळ्यात जास्त लागेल, मग फालाम आणि तेदिम. त्याशिवाय मतू, मारा, झोतुंग बोलणारी कुटुंबं असतात. हाखावाल्याला तेदिम कळेलच असं नाही. तेदिम बोलणारे बरेच जण स्वतःला 'झोमी' म्हणवतात, 'चिन' हे नाव त्यांना लावून घ्यायचं नसतं. पत्रकावर दोन्ही नावं घाला. बर्मी भाषा शाळेत शिकलेल्यांना वाचता येते, पण खेड्यातल्या आजीला किंवा मलेशियात जन्मून इथे शाळेत गेलेल्या मुलाला नाही. फक्त बर्मी पत्रक काढलंत, तर घरातल्या तीन पिढ्यांपैकी जेमतेम एकीपर्यंत पोचाल.

कोणत्या भाषा लागतील याचा अंदाज करत बसू नका. भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या 'स्कूल डिस्ट्रिक्ट'कडे विद्यार्थ्यांच्या घरभाषेची नोंद असते. नावं न देता भाषावार एकूण आकडे ते देऊ शकतात. ते मागवा आणि पहिल्या तीन भाषा घ्या.

क्रम असा ठेवा. १० आठवडे आधी: तीन-चार वेगवेगळ्या चर्चमधली, शिवाय चर्चबाहेरची मिळून सहा-सात माणसं बोलवा, निम्म्या बायका. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. २५ डॉलरचं गिफ्ट कार्डही चालतं. त्यांना आराखडा दाखवून 'ठीक आहे का' असं विचारलंत तर सगळे मान डोलावतील, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून. त्याऐवजी कोरा कागद ठेवा आणि विचारा, 'गेल्या वर्षी कोणत्या सरकारी कागदामुळे अडलं?' मुद्दे आपोआप निघतात. ८ आठवडे आधी दुभाषी ठरवा, ६ आठवडे आधी भाषांतर, ३ आठवडे आधी पत्रकं हातात हवीत.

रविवार का नको? चर्चची उपासना, मग भाषावार वर्ग, मग युवकांची सभा; दुपारपर्यंत माणूस मोकळा नसतो. शनिवारी १० ते १ बरं. गोदामं आणि कारखान्यांतली दुसरी पाळी दुपारी तीनच्या आसपास सुरू होते, त्यामुळे दीडनंतर सभागृह रिकामं व्हायला लागतं. शनिवारी लग्नंही असतात, तारीख पक्की करण्यापूर्वी मोठ्या चर्चना विचारून घ्या.

भाषणं तीन नकोत, एकही नको. तीन भाषांत लागोपाठ दुभाषी उभे केले, तर अर्ध्या तासाच्या भाषणाला दोन तास लागतात आणि आपली भाषा नसताना दोन-तृतीयांश लोक गप्पा मारतात. टेबलं लावा. प्रत्येक विषयाचं एक टेबल, आणि दुभाषी टेबलाशी बांधलेला न ठेवता कुटुंबाबरोबर फिरता ठेवा. दारात भाषा विचारायची आणि त्या रंगाची फीत मनगटाला बांधायची. १५० माणसांना हाखाचे तीन, फालाम, तेदिम आणि बर्मीचा प्रत्येकी एक, असे सहा दुभाषी. निम्मे पैसे भाषेवर जातील, जाऊ द्या. दुभाष्याला बहुतेक ठिकाणी किमान दोन तासांचे पैसे द्यावे लागतात, ते धरा. शाळकरी मुलांना आईबापांचं भाषांतर करायला लावू नका, विशेषतः आरोग्याच्या आणि इमिग्रेशनच्या टेबलावर. मुलगा अर्धं गाळतो, आणि आई त्याच्यासमोर खरं सांगत नाही.

शाईपेन

छपाईपुरतं लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त कागद रद्दीत जातो.

हाखा, फालाम, तेदिम रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे फॉन्टची भानगड नाही. भानगड बर्मी लिपीची. म्यानमारमध्ये वर्षानुवर्षं 'झॉजी' नावाचा फॉन्ट वापरात होता. त्यात अक्षरांचे संकेतांक युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक, नियमाप्रमाणे नाहीत. म्यानमारमधल्याच मोन, शान आणि कॅरेन भाषांच्या अक्षरांसाठी राखलेल्या जागा त्याने बर्मीच्या जोडाक्षरांसाठी वापरून टाकल्या. देशाने ऑक्टोबर २०१९ मध्ये अधिकृतपणे युनिकोड स्वीकारला, पण जुने फोन, जुन्या फाइली आणि जुने भाषांतरकार अजून आहेत. झॉजीत लिहिलेला मजकूर युनिकोडच्या फोनवर कचरा दिसतो, आणि उलटही. दोन्ही एकाच लिपीसारखे दिसत असल्याने तुम्हा-आम्हाला फरक कळत नाही. भाषांतरकाराला कामाच्या पत्रातच लिहा: 'युनिकोड, फॉन्ट प्यीडाउंग्सू, पाडाउक किंवा नोटो सान्स म्यानमार'. फाइल आल्यावर झॉजी ओळखणाऱ्या एखाद्या मोफत साधनातून तपासा, गूगलचंही एक आहे.

दुसरा घोळ मांडणी करताना होतो. बर्मीत 'ए'ची खूण आपल्या ऱ्हस्व वेलांटीसारखी व्यंजनाच्या आधी दिसते, पण साठवली जाते नंतर. मांडणीचं सॉफ्टवेअर लिपी जुळवत नसेल तर ती खूण व्यंजनानंतर, ठिपक्यांच्या वर्तुळासकट येते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावल्याशिवाय बर्मी मजकूर ओतू नका. कागदावर कुठेही ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की थांबा, भाषा येत नसली तरी एवढं तुम्हाला ओळखता येईल.

ओळीतलं अंतर इंग्रजीपेक्षा बरंच जास्त ठेवा, अक्षरांच्या वर आणि खाली दोन्हीकडे खुणा रचल्या जातात आणि कमी अंतरात कापल्या जातात. १२ पॉइंटच्या अक्षराला २० ते २२ पॉइंट. बर्मीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, वाक्यांशांमध्ये सोडतात, त्यामुळे ओळ कुठेही तुटू शकते; शीर्षक हाताने तोडून घ्या, आणि कुठे तोडायचं ते भाषांतरकाराला विचारा. इंग्रजीचं पान भरगच्च असेल तर बर्मी पान उतू जाईल, म्हणून मूळ मजकूर पानाच्या ६० टक्क्यांत बसवा.

मशीन भाषांतराबद्दल: गूगलवर बर्मी आहे, २०२४ पासून हाखाही आहे. 'शनिवारी १० वाजता या' इतपत ठीक. 'काउंटी क्लर्क', 'प्रायमरी', 'नोंदणी' आलं की अर्थ भरकटतो. माणसाकडून भाषांतर आणि दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत उलट भाषांतर, हे दोन्ही करा. दुसऱ्याला मूळ इंग्रजी दाखवायचं नाही. कचेऱ्यांची आणि फॉर्मची नावं मात्र इंग्रजीतही राहू द्या, इमारतीवरच्या पाटीवर तीच असतात.

आणि पत्रकाच्या इंग्रजी मथळ्यात भाषेचं पूर्ण नाव छापा, 'हाखा चिन' असं. नुसतं 'चिन' ऐकून फोनवरची माणसं चिनी दुभाषी जोडून देतात. रुग्णालयासाठी किंवा ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरसाठी 'मला हाखा चिन दुभाषी हवा' असं इंग्रजी वाक्य छापलेलं पाकिटात बसणारं कार्ड हे तुमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त वापरलं जाईल. चार भाषांचे प्रत्येकी २०० छापा.

जास्वंद

इंडियानातल्याच फोर्ट वेन शहराकडून. इथलं चित्र इंडियानापोलिसपेक्षा वेगळं आहे: बामार (म्हणजे मूळ बर्मीभाषक), मोन, कॅरेन, रोहिंग्या, बरेच बौद्ध. तुमच्याकडेही बौद्ध कुटुंबं येणारच, म्हणून थोडं.

भिक्खूंना बोलावलंत तर त्यांचं जेवण माध्यान्हाच्या आत संपलं पाहिजे. साडेबाराला ताट वाढलंत तर ते नुसते बसून राहतील. म्हणजे १०:४५ ला वाढायचं. त्यांची आसनं इतरांपेक्षा उंच, पाय त्यांच्या दिशेला पसरायचे नाहीत, आणि बाईने वस्तू थेट हातात द्यायची नाही. पुरुष स्वयंसेवक मधे ठेवा. जुलैच्या आसपासच्या पौर्णिमेपासून ऑक्टोबरच्या पौर्णिमेपर्यंत त्यांचा वर्षावास असतो, तेव्हा लग्नं टाळतात. सभागृहं मोकळी मिळतात हा त्याचा फायदा.

थिंजान करायचंच असेल तर ते बौद्ध विहाराबरोबर वेगळं करा, १३ ते १६ एप्रिलच्या जवळच्या शनिवारी. इंडियानातला एप्रिल गार असतो. बाहेर पाइप लावण्यापेक्षा आत वाडग्यात कोमट पाणी आणि पानांची डहाळी, खांद्यावर हलकेच शिंपडायचं. जुनी रीत तीच आहे. वयस्करांवर, गर्भारणींवर आणि भिक्खूंवर फेकायचं नाही. फरशीवर रबरी चटया घाला आणि ध्वनिव्यवस्थेच्या तारा भिंतीवरून वर घ्या.

झेंड्यांबद्दल गलबत यांनी नुसतं 'नको' म्हटलंय, कारण सांगते. तीन पट्ट्यांचा, मधे पांढरा तारा असलेला सध्याचा राष्ट्रध्वज ऑक्टोबर २०१० मध्ये लष्करी राजवटीने आणला. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर अनेकांना तो त्याच लष्कराचा वाटतो. त्याऐवजी चिन, कॅरेन, काचिन असे सगळे झेंडे लावले तर रोहिंग्यांचं काय, हा प्रश्न लगेच येतो. झेंडे ठेवूच नका. विणलेली कापडं लावा. चिन, कॅरेन, काचिन सगळ्यांकडे सुंदर विणकाम आहे, आणि लोक स्वतःहून आणून टांगतात. देशाच्या नावाचंही तसंच: १९८९ मध्ये लष्कराने 'बर्मा'चं 'म्यानमार' केलं, इथले अनेक जण अजून बर्माच म्हणतात. पत्रकावर 'बर्मा/म्यानमार' लिहा आणि पुढे जा.

रोहिंग्या कुटुंबं असतील तर: त्यांना 'बंगाली' म्हणणारा दुभाषी चालत नाही, मग त्याची भाषा कितीही चांगली असो. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने ज्या देशाने त्यांना बाहेर ठेवलं, त्या देशाची अधिकृत भाषा बोलणाऱ्या अनोळखी माणसाशी ते मोकळेपणी बोलतील अशी अपेक्षा करू नका. छापील पत्रक जवळजवळ निरुपयोगी, कारण भाषा मुख्यतः बोलण्यातली आहे आणि वाचणारे कमी. दीड मिनिटाचा आवाजी निरोप करा आणि फोनवर पाठवा. बऱ्याच जणांना हिंदी-उर्दू कळते. दिल्लीच्या विकासपुरीत काही वर्षं काढून आलेल्या चिन कुटुंबांनाही हिंदी येते. आपण मराठी मंडळी दारात स्वागताला उभी राहिलो तर तेवढी हिंदी फार कामाला येते. पण स्वागतापुरतीच. फॉर्म भरताना दुभाषीच हवा.

जेवण: काउंटीच्या आरोग्य खात्याकडून तात्पुरत्या खाद्यविक्रीचा परवाना लागतो का ते आधी विचारा, फुकट वाटलं तरी. गरम पदार्थ १३५ फॅरनहाइटच्या वर, थंड ४१ च्या खाली. नारळाच्या रश्शातल्या शेवया आणि शिजवलेला भात टेबलावर तास-दोन तास कोमट राहतो, आणि पोट बिघडायचं ते तिथेच. सहा-सहा लिटरच्या छोट्या भांड्यांत आणा आणि उरलेलं गरम डब्यात ठेवा. चिन जेवणात डुकराचं मांस सर्रास असतं, मुस्लिमांना हलाल लागतं, काही बौद्ध गोमांस खात नाहीत. तीन टेबलं, तीन वेगळे चमचे. पाट्यांवर शेंगदाणे, तीळ आणि ङापी लिहा. ङापीत मासे किंवा कोळंबी असते आणि ती चटणीपासून रश्शापर्यंत कशातही निघते.

करवंद

बाप रे, बरं झालं विचारलं. पत्रक थांबवलं, तारीख मार्चच्या दुसऱ्या शनिवारवर नेतेय. भाषणं रद्द, टेबलं.

आता मतदार नोंदणी आणि नागरिकत्व ही दोन टेबलं. येणाऱ्यांत नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि नुकतेच आलेले सगळे असतील. तिथे कोण बसवायचं, काय ठेवायचं?

खाकीफाइल

या दोन टेबलांमध्ये अंतर ठेवा. शक्य असेल तर वेगवेगळ्या खोल्या. गंमत म्हणून सांगत नाही. नागरिक नसलेल्याने मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही केली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते निघतं आणि माणूस देशाबाहेर काढला जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. 'फॉर्म कुणीतरी हातात दिला, सही कर म्हणाला' हा बचाव चालेलच असं नाही. म्हणून नोंदणीचे फॉर्म टेबलावर पसरून ठेवायचे नाहीत, स्वयंसेवकाच्या मागे ठेवायचे. पहिला प्रश्न दुभाष्याकडून: 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक झालात का? शपथविधी झाला का?' नुसती मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक नव्हे, शपथ घेतल्यावर. आणि 'तुमच्याकडे कागद आहेत का' असा प्रश्न विचारू नका. ग्रीन कार्डही कागदच असतं, माणूस प्रामाणिकपणे हो म्हणतो.

इंडियानात नोंदणीची मुदत निवडणुकीच्या २९ दिवस आधी संपते. केंद्रं सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघडी, रांगेत असलेल्याला सहा वाजून गेले तरी मत देता येतं. फोटो ओळखपत्र लागतं. तुमच्या पट्ट्यात एक भौगोलिक खाच आहे: काउंटी लाइन रोडच्या उत्तरेला मॅरियन काउंटी, दक्षिणेला जॉन्सन. साउथपोर्टचा माणूस मॅरियनचा, ग्रीनवुडचा जॉन्सनचा. चर्च एक, किराणा एक, पण निवडणुकीचं काम बघणारी काउंटी क्लर्कची कचेरी वेगळी. मॅरियनमध्ये काउंटीतल्या कुठल्याही मतदान केंद्रावर जाता येतं, पण जॉन्सनच्या माणसाला मॅरियनच्या केंद्रावर मत देता येत नाही. टेबलावर मोठा नकाशा लावा आणि घर बोटाने दाखवायला सांगा.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली तरतूद: मतदान हक्क कायद्याचं कलम २०८. वाचता-लिहिता येत नसेल, दिसत नसेल किंवा अपंगत्व असेल, तर मतदार आपल्या पसंतीचा मदतनीस मतदान कक्षात नेऊ शकतो. मालक, मालकाचा माणूस किंवा कामगार संघटनेचा पदाधिकारी चालत नाही. मुलगी, शेजारी, चर्चमधला मित्र चालतो. हे हाखा, फालाम, तेदिम आणि बर्मीत पाव पानावर छापा. ग्रंथालय आहे, तेव्हा उमेदवार किंवा पक्ष यांचं एकही पत्रक खोलीत नको.

नागरिकत्वाच्या टेबलावर अर्ज भरून देऊ नका. कायदेशीर सल्ला वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. असा एक माणूस बसवा, नाहीतर फक्त भेटीची वेळ लिहून घ्या. जून २०२५ च्या प्रवासबंदीच्या यादीत म्यानमार आहे, आणि त्यानंतर इमिग्रेशनचे नियम वरचेवर बदलत आहेत. छापील पत्रकावर नियम गोठवू नका, फोन नंबर छापा.

सर्वसाधारण चौकट सांगायला हरकत नाही. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाल्यावर एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, आणि त्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. निर्वासित म्हणून आलेल्यांचं ग्रीन कार्ड अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या तारखेपासून धरलं जातं, कार्ड हातात पडल्याच्या नाही. इथे लोक वर्ष-दीड वर्ष फुकट थांबतात. कार्डावरची 'रेसिडेंट सिन्स' ही तारीख बघायची. शुल्क ऑनलाइन ७१०, कागदावर ७६०, आणि कमी उत्पन्न असेल तर ३८० डॉलर. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या संचातले २० विचारतात, १२ बरोबर हवेत. जुनी १०० प्रश्नांची पुस्तिका अजून सगळीकडे फिरते आहे, टेबलावर ती नको.

वयस्करांसाठी: वय ५० आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, तर इंग्रजीची परीक्षा माफ आणि नागरी प्रश्न स्वतःच्या भाषेत, दुभाष्यासह. तुमच्या भागातल्या अनेकांची १५ वर्षं आता आता भरताहेत, हे मुद्दाम सांगा. आजारपणामुळे शिकणंच शक्य नसेल तर एन-६४८ हा परीक्षेतून सूट मागण्याचा फॉर्म, तो डॉक्टरने भरायचा.

गलबत

प्रचाराबद्दल थोडं राहिलं होतं. रविवारी पाळकाने व्यासपीठावरून सांगितलेली एक ओळ ही शंभर पत्रकांच्या बरोबरीची, हे खरं. पण चर्च भाषेप्रमाणे, गावाप्रमाणे विभागलेली असतात. एकाच मोठ्या चर्चला सहआयोजक केलंत तर बाकीचे 'तो त्यांचा कार्यक्रम' म्हणून येत नाहीत. आयोजक म्हणून ग्रंथालयाचंच नाव राहू द्या आणि सगळ्या चर्चना एकाच दिवशी सारखं पत्र द्या. झोमी आणि बौद्ध मंडळींनाही त्याच दिवशी.

यावर मी थोडा हट्टी आहे: कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेने करू नका, कुणी सुचवलं तरी. जागा सार्वजनिक आहे आणि खोलीत सगळे असणार आहेत.

फेसबुकवरच सगळं चालतं, ईमेलचा उपयोग नाही. लिखित पोस्टपेक्षा त्यांच्याच माणसाने बोललेला मिनिटभराचा व्हिडिओ जास्त फिरतो. आशियाई किराणा दुकानांच्या गल्ल्यापाशी पत्रकं ठेवा.

मात्र कार्यक्रमाचे फोटो सरसकट टाकू नका. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२४ ला सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला, आणि ज्यांचे भाऊ-पुतणे तिथे आहेत ते चेहरा दिसायला घाबरतात. दारातल्या फितीबरोबर दुसरी पिवळी फीत ठेवा: ती बांधली की फोटो नाही. छायाचित्रकाराने ती पाहायची, नंतर संमतीच्या कागदावर सह्या गोळा करत फिरायचं नाही. टेबलांचा फोटो चालतो, मतदार आणि नागरिकत्वाच्या टेबलांचा अजिबात नाही.

मोरपीस

आरोग्याच्या टेबलासाठी एकच मुद्दा, बाकी परिचारिका बघून घेतील. शिसं. बर्मातून आलेल्या निर्वासितांच्या लहान मुलांच्या रक्तात शिसं जास्त सापडण्याचा प्रश्न फोर्ट वेनमध्ये तपासला गेला, आणि 'डॉ ट्वे' (Daw Tway) नावाच्या पोटाच्या पारंपरिक औषधात शिसं आणि आर्सेनिक मिळालं. थनाखा, म्हणजे गालांना लावतात ते पिवळसर लाकडाचं उटणं, त्याच्याही काही नमुन्यांत शिसं आढळलं. रांगती मुलं हात चाटतात, गाल पुसून बोटं तोंडात घालतात.

'हे विष आहे' असं फलकावर लिहिलंत तर आया डबे लपवतील. घरातला डबा आणा, बघू या, असं सांगा. काउंटीचं आरोग्य खातं लहान मुलांची शिशाची चाचणी करतं, त्यांना टेबल द्या. बोट टोचून होणारी तपासणी जास्त आली तर शिरेतून रक्त घेऊन ती पक्की करावी लागते, हे दुभाष्याला आधी समजावून ठेवा, नाहीतर पहिल्याच आकड्याला आई घाबरते. जुन्या घरांचा रंग हेही कारण असतं, तेव्हा सगळं औषधावर ढकलू नका. सहा वर्षांखालच्या मुलांवर लक्ष द्या.

करवंद

सगळ्यांचे आभार. एक किरकोळ वाटणारी गोष्ट: नावनोंदणीचा तक्ता. नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता असे रकाने केलेत. चालेल?

खाकीफाइल

किरकोळ नाही. बर्मी माणसाला आडनाव नसतं. बाप, आई आणि मुलगा यांच्या नावात एकही शब्द सारखा नसू शकतो, त्यामुळे 'आडनावाने' कुटुंबं जुळत नाहीत. तीन शब्दांचं नाव एका कचेरीत एका ठिकाणी तोडलेलं, दुसरीत दुसऱ्या. मतदार यादीत शोधताना पहिला शब्द शेवटी टाकून आणि शेवटचा पहिला करून, दोन्हीकडून बघा. ओळखपत्रावर जसं आहे तसंच फॉर्मवर लिहा, 'दुरुस्त' करू नका. इंडियानात ओळखपत्रावरचं आणि मतदार यादीतलं नाव जुळावं लागतं.

ऊ, डॉ, को, मा हे बर्मीत नावापुढचे मानाचे किंवा नात्याचे शब्द आहेत. चिनमध्ये सलाई आणि माई, तसंच पू आणि पी. कॅरेनमध्ये सॉ आणि नॉ. कागदोपत्री ते कधी नावाचा भाग झालेले असतात, कधी नसतात. स्वतःहून काढू नका, स्वतःहून घालू नका.

जन्मतारीख विचारूच नका. निर्वासित छावण्यांतून आलेल्या पुष्कळांची नोंद १ जानेवारी अशी आहे, त्यामुळे नाव आणि जन्मतारखेवरून एक माणूस दुसरा समजला जातो. तुम्हाला ती लागतही नाही. रकाने चार ठेवा: पूर्ण नाव एकाच चौकटीत, फोन, भाषा, आणि घरातली माणसं किती. कुटुंब फोन नंबरने ओळखा. देश आणि इमिग्रेशनची स्थिती हे रकाने असतील तर काढून टाका. तक्ता सगळ्यांपुढे फिरवायचा नाही, प्रत्येक कुटुंबाला वेगळी चिठ्ठी द्या. आधीच्याचा फोन नंबर मागच्याला दिसता कामा नये. चिठ्ठ्या कुलपाच्या पेटीत, आणि भेटीच्या वेळा ठरवून झाल्या की नष्ट करा.

शाईपेन

त्या चिठ्ठीवर भाषेची नावं छापून पुढे चौकट ठेवा, नुसती रिकामी ओळ नको. रिकाम्या ओळीवर निम्मे लोक 'बर्मी' लिहितील, कारण इतकी वर्षं इंग्रजी फॉर्मवर तेच चालत आलंय. आणि यादीच्या शेवटी 'दुसरी कोणती' अशी एक चौकट असू द्या, मतू आणि मारा तिथेच सापडतील.